तीन महिन्यांचा कागद आणि एका वर्षाचा कागद

"अहो सोडा! हात सोडा माझा! शिपाई! अरे, कुणी आहे का इकडे!"

नागपुरातल्या एका सरकारी इमारतीत, फी भरायच्या खिडकीशी एक चष्मेवाला कारकून असा कोकलून राहिला होता की छतावरची कबुतरं उडाली ती कामठीच्या अलीकडे कुठं टेकली नसतील. त्याचा उजवा हात खिडकीबाहेर ओढलेला, आणि माझ्या बाबांच्या दुपट्ट्याखाली. बाबा एकदम शांत. डोळे अर्धे मिटलेले, चेहऱ्यावर आरतीला उभं राहिल्याचा भाव, आणि दुपट्ट्याखाली त्यांची बोटं कारकुनाची बोटं दाबून दाबून विचारत होती : इतके? बरं, मग इतके?

आमच्याकडं संत्र्याचा भाव तेव्हा कोणी तोंडानं बोलत नसे. घेणारा आणि देणारा दुपट्ट्याखाली हात घालत. अख्खं बोट दाबलं तर शंभर, अर्धं दाबलं तर पन्नास. भोवती सारा बाजार उभा असला तरी कोणाला पत्ता लागत नसे. बाबांनी सारी हयात असेच बगीचे घेतले आणि विकले होते. जगात असाही एक माल असते ज्याचा भाव खिडकीवर छापून लावतात आणि जो बोटांनी खाली येत नाही, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

"दोन नग घेऊन राहिलो जी मी," बाबा त्याला समजावून सांगत होते. "एक माह्या पोरगा, एक भावाचा. दोनावर काही तर सोडसान?"

"ही फी आहे, काका! फी! संत्री नाहीत!"

"थे दिसूनच राहिलं. संत्रं असतं तर पहिले दाखवलं असतं तुम्ही."

ते दोन नग म्हणजे मी, मधुकर, आणि माझा चुलतभाऊ शंकर. आणि न दाखवता विकायला ठेवलेला तो माल म्हणजे ग्रंथालयशास्त्र.

त्याच दिवशी सकाळी मी घर सोडलं होतं. सौंसरच्या स्टेशनावर छोट्या लाइनची गाडी उभी होती. ती इतकी हळू चाले की रामाकोन्याच्या अलीकडे उतरून बोरं वेचावी आणि पुन्हा आपल्याच डब्यात चढावं. मी स्वतः दोनदा चढलोय, एकदा तर मधल्या मध्ये ती बोरं विकूनही. माय स्टेशनावर आली होती. "सालभराचंच तर हाय," असं ती मला म्हणाली, मग शंकरला म्हणाली, मग गार्डाला, मग स्टेशनमास्तरला, आणि गाडी हलल्यावर ऐकायला कोणी उरलं नाही तेव्हा फलाटावरच्या एका शेळीला म्हणाली. शेळीनं मान हलवली. तेवढा एकच होकार मिळाला तिला त्या दिवशी.

प्रकरण असं होतं. स्वातंत्र्य येऊन आठ-नऊ वर्षं झाली होती आणि सरकारच्या मनात आलं होतं की लोकांनी आता वाचावं. सौंसरला ग्रंथालय उघडणार, एक ग्रंथपाल नेमणार, आणि तो त्या विद्येत शिकलेला पाहिजे, असा कागद तहसिलीत आला. खुर्ची एक. ज्याला ती मिळेल तो सौंसरला राहील. दुसऱ्यानं पोट घेऊन कुठंही जावं, कारण बाबा आणि काका यांच्यात मिळून बगीचा होता तेवढाच होता आणि झाडांना आमच्या खातर जास्तीचं फळ धरायची अक्कल नव्हती. शंकरचं घर आणि आमचं घर भिंतीला भिंत. तिकडं फोडणी बसली की इकडं शिंक येई. आता त्या एका भिंतीच्या दोन बाजूंना एका खुर्चीचे दोन उमेदवार झोपत होते.

आता तुम्ही सौंसरवाले म्हणाल, हे सारं आताच काहून उकरून राहिला. चित्रामुळं. चित्रा म्हणजे शंकरची धाकटी. तिला त्याच विद्येत पदवी घ्यायची आहे. फक्त त्या विद्येला आता शेपूट फुटलं आहे, 'ग्रंथालय आणि माहितीशास्त्र'. तिनं मला, मी आता राहतो त्या बडोद्याला, चार कॉलेजांची माहितीपत्रकं पाठवली आणि लिहिलं, "मधूकाका, तुम्ही जन्मभर हेच केलं, तर यातलं कोणतं परवडेल आणि कोणत्याला किंमत आहे ते सांगा."

चारही मी वाचली. बारशापासून तेराव्यापर्यंत माणसाला जेवढी विशेषणं लागतात तेवढी एकेका पानावर होती. एका पत्रकात झाडाखाली बसून पुस्तकाकडे पाहून हसणाऱ्या मुली. माझ्या सबंध नोकरीत पुस्तकाकडे पाहून तसं हसलेला माणूस मी एकच पाहिला, आणि त्याला त्या पानांत कोणीतरी विसरलेली नोट सापडली होती. दुसऱ्यात कॉम्प्युटरचा फोटो, त्याच्यावर गुलाबी कापड घातलेलं. कापड काढून फोटो घ्यायची हिंमत झाली नसावी. तिसऱ्याची फी पहिल्याच्या तिप्पट, आणि फरक काय म्हणून शोधत गेलो तर शेवटच्या पानावर सापडला : कॅन्टीन. चौथ्याचं मी काही बोलत नाही, कारण त्यात प्राचार्यांचाच फोटो पाच वेळा आहे.

आमच्या वेळी दोनच प्रकार होते. एक तीन महिन्यांचा, स्वस्त. एक वर्षाचा, महाग, म्हणजे इतका महाग की त्यापायी बाबांना वरच्या मळ्यातला आंबिया बार, मोहोरापासून तोडणीपर्यंतचं सारं पीक, उभ्या झाडावर उक्तं देऊन टाकावं लागलं. कारकुनाचा हात सुटल्यावर बाबांनी माल पारखायला घेतला. त्यांची पद्धत साधी होती. बगीचा घ्यायचा तर मालकाचं ऐकायचं नाही, बांधावरून एक चक्कर मारायची आणि मागच्या साली कोणी घेतला होता त्याला गाठायचं. त्यांनी त्या इमारतीला चक्कर मारली. मागच्या साली पास झालेला एक बिचारा कसल्याशा दाखल्यासाठी आला होता, त्याला चहा पाजून त्याच्याकडचे दोन्ही नमुने पाहिले, कारण त्या भल्या माणसानं आधी तीन महिन्यांचं आणि मग वर्षाचं असं दोन्ही केलं होतं. बाबांनी दोन्ही कागदांवर वीत टाकली.

"दोन्ही एकाच मापाचे हायेत," ते म्हणाले. "लवकर निघणारा माल घे, मधू. उशिराच्या मालाले कोणाचा भरोसा."

आज सांगतो, पदव्यांची तुलना करणारे जेवढे विद्वान मी पुढं पाहिले, त्यात कोट घालणारे होते, परदेशी जाऊन आलेले होते, पण त्या दुपट्ट्यावाल्याएवढी अक्कल एकात नव्हती. आणि सर्वांत कमी अक्कल होती ती त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या नगात. वर्षाच्या कागदावर सोनेरी शिक्का होता. मला तो पाहिजे होता. तीन महिन्यांचा कागद शंकरसारख्यासाठी, असं मी मनात म्हणालो नाही, मोठ्यानं म्हणालो. शंकरनं पैसे भरले, पावती टोपीत ठेवली आणि बाकावर बसून राहिला.

तर वर्षभर मी शिकलो. काय शिकलो? जगातलं सगळं ज्ञान दहा खणांत बसते, हे शिकलो. आमचे सर हे इतक्या संथ सांगत की एका वाक्याच्या सुरुवातीला खिडकीत कावळ्यानं काडी आणली तर पूर्णविरामापर्यंत पिल्लं उडून जात. मी एकदा विचारलं, "सर, संत्रं कोणत्या खणात?" म्हणाले, शेतीच्या. "आणि संत्र्याचा व्यापार?" तो दुसऱ्या. "आणि संत्र्याचं सरबत?" ते आणखी वेगळं, पाकशास्त्रात बघा. म्हणजे एक संत्रं कापून तीन कपाटांत ठेवायची कला यावी म्हणून माझ्या बापानं अख्खा बार विकला होता. मग कार्डावर अक्षर कसं काढावं याला दोन महिने. पुस्तकाच्या पाठीवर चिठ्ठी किती उंचीवर डकवावी याला एक. त्या उंचीवरून दोन प्राध्यापकांचं असं वैर होतं की ते एकमेकांच्या सावलीवरून चालत नसत. शंकर तीन महिन्यांत नोंदवही लिहायला शिकला, उशिरा आलेल्या पुस्तकाचा दंड कसा लावायचा ते शिकला, आणि दसऱ्याला आपला कागद घेऊन घरी गेला. मी त्याला पोचवायला गेलो आणि त्याची कीव केली. गाडी हलेपर्यंत केली.

त्यानंतर महिना झाला नसेल, राज्यांची नवी वाटणी झाली.

तुमच्यापैकी जे तेव्हा सौंसरला होते त्यांना ती पेपरात दिसली असेल. मला ती ट्रकांत दिसली. नागपूर काल जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं, आज नाही. फायली, टेबलं, पंखे, घंगाळं, सारं भोपाळला चाललं होतं. एका टेबलाच्या खणात झोपलेलं मांजरही तसंच लादलं गेलं म्हणतात, आणि तिथं ते पुढं पर्मनंट झालं. नागपूर गेलं मुंबई राज्यात. आपलं सौंसर, पांढुर्णा, मोहगाव राहिलं मध्य प्रदेशात. लोक भाषणं करत होते, रडत होते, पेढे वाटत होते, काही तर तिन्ही एकाच तासात करत होते. मी माझ्या खोलीत पुस्तकाच्या पाठीवरची उंची मोजत होतो. मी हललो नव्हतो, गावही हललं नव्हतं, पण संध्याकाळपर्यंत मी परराज्यात राहणारा झालो. आणि खरं सांगतो, माझ्या दहा खणांत भरलेल्या डोक्यात एकदाही आलं नाही की त्या ट्रकांपैकी एकात सौंसरच्या खुर्चीचीही फाइल आहे.

उन्हाळ्यात माझा कागद मिळाला. जाड इतका की त्यावर भाकर थापावी. सोनेरी शिक्का लखलखीत. आणि शिक्क्याच्या खाली, नव्या व्यवस्थेप्रमाणे, छापलेलं : मुंबई राज्य.

मुलाखत सौंसरलाच झाली, तहसिलीच्या खोलीत. वरून एक साहेब आले होते, हिंदी बोलणारे, सभ्य, घामेजलेले. त्यांनी माझा कागद दोन्ही हातांनी धरला, शिक्क्याकडं आदरानं पाहिलं, आणि म्हणाले, "आप तो बाहर के हैं."

"साहेब," मी म्हणालो, आणि हिंदी-मराठी जे तोंडात आलं त्यात सांगत सुटलो, "तुमच्या मागच्या खिडकीतून थे कवेलूच्या छपराचं घर दिसून राहिलं ना, ज्याच्या अंगणात लाल लुगडं वाळून राहिलं, थे माह्यं घर हाय. लुगडं माह्या मायचं हाय."

साहेब खरंच वळले. त्यांनी घर पाहिलं. लुगडं पाहिलं. तेवढ्यात माय बाहेर आली, तिनं लुगडं झटकलं, उलटं टाकलं आणि आत गेली. याहून मोठा पुरावा कोणत्या उमेदवारानं कधी दिला असेल तर मला दाखवा. साहेब परत माझ्याकडं वळले, आणि मग कागदाकडं, आणि त्यांचा चेहरा खरोखर दुःखी झाला.

"काग़ज़ में तो बम्बई लिखा है."

शंकरच्या कागदावर मध्य प्रदेश लिहिलेलं होतं. दसऱ्याला मिळालेला, जुन्या शिक्क्याचा, पातळ, कडेला हळदीचा डाग. त्याला साहेबांनी एकच प्रश्न विचारला : पुस्तक परत आलं नाही तर काय करणार? शंकर म्हणाला, "जाके ले आऊँगा साहब, सबके घर मालूम हैं." झालं. तीन महिन्यांनी वर्षाला उताणं पाडलं. दहा खण, दोन महिन्यांचं अक्षर, चिठ्ठीची उंची, सारं त्या खिडकीतून बाहेर पडलं आणि लुगड्याच्या बाजूला वाळत बसलं.

बाबा रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी माझा कागद हातात घेतला, वजन केल्यासारखा वरखाली केला. "माल चांगला निघाला तुह्या," म्हणाले. "पण बाजार उठला."

माझ्या कागदाला किंमत होती ती मुंबई राज्यातच. म्हणून जिथं जागा निघाली तिथं अर्ज केला आणि बडोद्याला लागलो, कारण तेव्हा बडोदाही मुंबई राज्यात होतं. पांढुर्ण्याहून मोठ्या लाइनच्या गाडीत बसलो. माय आली होती, पण या खेपेला 'सालभराचंच तर हाय' असं ती कोणालाच म्हणाली नाही. "तिथलं पाणी पहिले चाखून पाय," एवढंच म्हणाली. मी चाखलं. गोड होतं. डाळही गोड होती, भाजीही गोड होती, आणि माणसं तर इतकी गोड की पहिल्या महिन्यात मला मिरचीची स्वप्नं पडत. तीन वर्षांत मी तिथली कपाटं लावून उठतो न उठतो तोच पुन्हा राज्यं वाटली गेली आणि बडोदा गुजरातेत गेलं. मी जिथं बूड टेकतो तिथून राज्य सरकते, ही माझी ख्याती तेव्हापासूनची. एका मित्रानं तर मला हात जोडून सांगितलं की बाबा रे, दिल्लीला बदली मागू नको.

त्या वेळी मात्र कोणी माझा कागद तपासला नाही. मी आधीपासूनच बाहेरचा होतो.

आता मी ओटल्यावर बसतो, हिंचक्यावर झोके घेत पेपर वाचतो, दूधवाल्याला 'चालसे' म्हणतो आणि तो मला 'साहेब' म्हणतो. बडोद्यात शेजारी मला एमपीवाले म्हणतात. सौंसरला आलो की तुम्ही लोक 'गुजरातवाले आले' म्हणून चहात दोन चमचे साखर जास्त टाकता. नागपुरात कोणी काहीच म्हणत नाही, कारण नागपुरात मी फक्त गाडी बदलतो. फॉर्मवर 'मूळ गाव' असा रकाना येते तिथं मी सौंसर लिहितो, आणि कारकून विचारते, हे कोणत्या राज्यात? घर म्हणजे माझ्यासाठी आता तेवढंच उरलं आहे, जे दर वेळी समजावून सांगावं लागते ते गाव. जे माझ्यासारखे बाहेर पडले त्यांना हे कळेल. जे राहिले त्यांनी खुशाल हसावं.

या उन्हाळ्यात चित्राची चारही माहितीपत्रकं पिशवीत घालून मी सौंसरला आलो. पत्रानं सांगण्यासारखा मामला नव्हता, ओरडून सांगण्यासारखा होता. थेट शंकरच्या ग्रंथालयात गेलो. पुढच्या साली तो रिटायर होणार. चित्रा तिथंच होती, नोंदवहीला कव्हर घालून राहिली होती.

ते ग्रंथालय तुम्ही पाहिलंच आहे, पण मी ते शास्त्रानं पाहिलं. दहा खण नाहीत. क्रमांक नाहीत. चिठ्ठ्या वाटेल त्या उंचीवर. एका कपाटावर खडूनं लिहिलेलं : जोशी मास्तर. दुसऱ्यावर : गंगाबाई. तिसऱ्यावर : बस चुकलेले.

"हे काय बे?" मी म्हणालो.

"जोशी मास्तराले जे आवडते थे तिथं," शंकर म्हणाला. "तसंच आवडणारे आणखी वीसेक जण हायेत, थे तिथूनच नेतात. गंगाबाईच्या कपाटात रडू येणारी. आणि बस चुकली तर माणूस तासभर बसते, त्याले पातळ पुस्तक लागते."

माझ्या सरांनी हे पाहिलं असतं तर ते आयुष्यात पहिल्यांदा भरभर बोलले असते. मी त्यांच्या वतीनं बोललो. अर्धा तास बोललो. चित्रासमोर चारही पत्रकं पसरली आणि एकेकाची चामडी सोलली. कॅन्टीनची, गुलाबी कापडाची, पाच प्राचार्यांची. शेपूट फुटलेल्या नावाची. "पोरी," मी म्हणालो, "महाग घे की स्वस्त घे, सगळे तुला संत्रं कापायलाच शिकवतील. फरक एवढाच की महागवाले सुरीला पदवी म्हणतात."

"मग घेऊच नको का, काका?"

"घे ना. पण मागच्या साली कोण घेऊन गेलं, आणि तो आता कुठं बसला आहे, ते विचारून ये. पत्रकावर जाऊ नको."

"बाबा पण हेच म्हणाले," वडलांकडं बोट दाखवत चित्रा म्हणाली. "म्हणूनच तुमाले लिहिलं."

हे ऐकून मी पत्रकं गोळा करून पिशवीत घातली. पण गप्प बसणं मला झेपत नाही हे तुम्ही जाणता. मी शंकरकडं वळलो. सगळंच एकदा काढावं म्हणालो. मी वर्ष दिलं, अख्खा बार दिला. मला मोठं ग्रंथालय मिळालं, हाताखाली अकरा माणसं, टेबलावर काच, निरोप समारंभात शाल आणि चांदीचा गणपती. माझ्या सहीशिवाय बडोद्यात शब्दकोश हलत नव्हता. आणि हा! पातळ कागद, हळदीचा डाग, खडूनं लिहिलेली कपाटं, जन्मभर एकच खोली, एकच पंखा, तोही चालू केला की पानं उलटतात म्हणून बंद.

"सांग ना बे," मी म्हणालो, "त्या तीन महिन्यांच्या कागदानं तुले दिलं काय?"

भिंतीवरच्या घड्याळात एक वाजला होता. शंकरनं कपाटांना कुलपं लावली, किल्ल्या खिशात टाकल्या आणि दाराशी वाकून चपला पायात सरकवल्या.

"दुपारी जेवाले घरी जातो मी," तो म्हणाला.